अंगावरचं दूध पुरत नाही असं वाटतं तेव्हा: वरचं दूध सुरू करण्याआधी आणि केल्यानंतर

बाळ रडलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “दूध पुरत नाहीये वाटतं हिचं.” सासूबाई म्हणतात, मालिशवाल्या मावशी म्हणतात, बाळ बघायला आलेली शेजारीणही म्हणते. आणि डबा आणायचा विषय निघाला की हीच माणसं म्हणतात, “वरचं कशाला गं, अंगावरचंच पाज.” टाके दुखत असतात, झोप झालेली नसते, आणि दोन्हीकडून ऐकून घ्यायचं असतं. अशा अवस्थेत असलेल्या बाळंतिणीसाठी हे लिहिते आहे. मी माझ्या मुलीला आधी अंगावरचं, मग दोन्ही आणि शेवटी फक्त वरचं दूध पाजलं, इथे ठाण्यातच. तुम्हाला मनापासून सांगते, निर्णय बाळाच्या वजनावर आणि ओल्या लंगोटांवर घ्या. रडण्यावर किंवा कुणाच्या बोलण्यावर घेऊ नका. आणि वरचं दूध द्यायचं ठरलं, तर ते मापात आणि स्वच्छ द्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दूध खरंच कमी आहे का, ते आधी बघा

पहिले दोन-तीन दिवस येतं ते चिकाचं दूध. पिवळसर, घट्ट आणि अगदी थोडं. एवढ्याशाने काय होणार, असं सगळ्यांना वाटतं. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा एक चमचाभर दूध मावतं. भरपूर दूध उतरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो, आणि सिझेरियन झालं असेल तर आणखी एखादा दिवस जातो. तोवर बाळाला पुन्हा पुन्हा छातीशी घेणं एवढंच करायचं असतं. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. संध्याकाळी तर ते तासातासाने मागतं, आणि ‘दूध पुरत नाही’ हा शेरा नेमका त्याच वेळी येतो. छाती मऊ वाटणं, पंपाने थोडंच दूध निघणं, बाळाचं सारखं मागणं, यातलं एकही दूध कमी असल्याचा पुरावा नाही.

पुरावा लंगोटात असतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. डायपरमध्ये अंदाज येत नाही, म्हणून एक-दोन दिवस सुती लंगोट वापरा आणि प्रत्येक वेळी कॅलेंडरवर रेघ ओढा. शीचा रंग पहिल्या दोन दिवसांत काळा-हिरवा असतो, तो पाचव्या दिवसापर्यंत पिवळा व्हायला हवा. तो झाला नाही, तर पोटात दूध कमी जातंय असा अर्थ निघू शकतो.

दुसरा पुरावा वजनाचा. जन्मानंतर सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंतची घट सर्वसाधारण मानतात, आणि दहा टक्क्यांच्या जवळ गेली की डॉक्टरांनी बघायलाच हवं. दोन आठवड्यांत वजन जन्माच्या आकड्यावर परत यावं आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं. जन्माचं वजन डिस्चार्ज कार्डावर असतं. दर वेळी त्याच काट्यावर आणि बाळाचे कपडे काढूनच वजन करा. घरच्या मोठ्या काट्यावर आधी तुम्ही आणि मग बाळाला घेऊन तुम्ही, असली वजाबाकी करू नका, त्यात शंभर-दोनशे ग्रॅम सहज चुकतात. बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात बाळाचा काटा असतो. दीड महिन्याच्या लसीची वाट बघत बसू नका.

आणि काही खुणा अशा आहेत की तेव्हा सकाळ व्हायचीही वाट बघायची नाही. बाळाने सात-आठ तास शू केली नाही, दुधासाठी उठवूनही ते उठत नाही, तोंड कोरडं पडलंय, टाळू खोल गेलीय, पिवळेपणा पायांपर्यंत उतरलाय, ताप १००.४ फॅरनहाइटवर गेलाय, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आहे, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

मग पाजण्याची पद्धत तपासा

दूध कमी वाटण्यामागे बऱ्याचदा एकच कारण असतं, बाळाने छाती नीट पकडलेली नसते. डॉक्टर आणि नर्स त्याला लॅच म्हणतात. दूध तयार होतं ते रिकामं होण्याच्या हिशोबाने. बाळ वरवर चोखत राहिलं तर छाती रिकामी होत नाही आणि शरीर पुढच्या वेळी कमी दूध बनवतं. म्हणून वरच्या दुधाचा निर्णय घेण्याआधी या एका गोष्टीला वेळ द्या.

पाठीला उशी घेऊन टेकून बसा. बाळावर वाकू नका, बाळाला वर उचलून घ्या. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं आणि नाक निपलच्या समोर हवं. निपल त्याच्या वरच्या ओठाला हलकेच लावा आणि ते तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा. हे थांबणंच सगळ्यांत अवघड जातं, कारण ते रडत असतं आणि घरातले बघत असतात. तोंड जांभईएवढं उघडलं की बाळाला पटकन छातीकडे ओढा. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि भोवतीचा काळा भाग खालून जास्त तोंडात गेलेला दिसला, तर पकड चांगली आहे. मग गिळण्याचा हलका आवाज येऊ लागतो.

सुरुवातीचे काही सेकंद दुखलं तर चालेल. पूर्ण वेळ कळ येत असेल, किंवा बाळाने सोडल्यावर निपल नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं दिसत असेल, तर पकड उथळ आहे. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सोडवा आणि पुन्हा लावा. तसंच ओढून काढलं तर चिरा पडतात. चिरा पडल्याच तर दोन थेंब दूध चोळून वाऱ्यावर सुकू द्या आणि दरवेळी साबण लावू नका. सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचा भार नको असेल तर बाळाला बगलेत, पाय मागे करून धरा, किंवा कुशीवर झोपून पाजा. बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड असेल तर कितीही नीट धरलं तरी पकड सुटत राहते. तेव्हा बालरोगतज्ज्ञांना जीभ उचलून बघायला सांगा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी दाटते आणि बाळाला पकडताच येत नाही. पाजण्याआधी दोन मिनिटं कोमट शेक द्या, हाताने थोडं दूध काढून काळा भाग मऊ करा, मग लावा. पाजून झाल्यावर थंड पट्टी ठेवा. गाठी मोडायच्या म्हणून मावशींना जोरात रगडू देऊ नका, त्याने आतली सूज वाढते. एका जागी लाल, गरम, दुखरा चट्टा आणि थंडी वाजून ताप आला तर तो स्तनदाह. त्यात डॉक्टरांचं औषध लागतं, पण पाजणं थांबवायचं नसतं. ते दूध बाळाला चालतं.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी हे खुशाल खा. बाळंतिणीला ताकद हवीच असते. मात्र यातल्या कशानेही दूध खात्रीने वाढतं असं म्हणता येत नाही, आणि मधुमेहाची गोळी चालू असेल तर मेथीची पावडर किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या. दूध वाढतं ते वारंवार पाजल्याने, रात्रीचं एक पाजणंही न चुकवल्याने, बाळाला उघड्या छातीशी धरल्याने आणि पाजून झाल्यावर उरलेलं दूध काढून टाकल्याने.

आणि काही जणींना हे सगळं करूनही दूध कमीच येतं. बाळंतपणात खूप रक्त गेलेलं असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइड कमी असतं, पीसीओएस (बीजकोशांशी संबंधित हार्मोनचा त्रास) किंवा मधुमेह असतो, पूर्वी छातीची शस्त्रक्रिया झालेली असते. म्हणून ‘प्रयत्न कर, येईल’ हे ऐकून बसून राहू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी मागून घ्या. हा शरीराचा आजार आहे. त्यात आईचं प्रेम कमी पडलेलं नसतं.

डॉक्टरांशी बोलून एक मुदत ठरवा. बाळ टवटवीत असेल आणि वजनाची घट मर्यादेत असेल तर तीन-चार दिवस पद्धत सुधारून पुन्हा वजन करा. घट जास्त असेल तर मुदत वगैरे काही नाही, पूरक दूध आजच द्यायचं. भुकेल्या बाळाला चोखायलाही ताकद लागते. पोटात थोडं वरचं दूध गेल्यावर कित्येक बाळं उलट छाती नीट धरायला लागतात.

कोणतं दूध, आणि किती

वरचं दूध म्हणजे एक वर्षापर्यंत फॉर्म्युला, बाळांसाठी बनवलेली डब्यातली दूधपावडर. तबेल्यातलं किंवा पिशवीतलं गाई-म्हशीचं दूध, त्यात अर्धं पाणी घालून, हा जुना उपाय बाळाच्या मूत्रपिंडावर भार टाकतो आणि त्यात लोह फारच कमी असतं. “आमची सगळी त्यावरच वाढली” असं आजी म्हणतील. त्यांच्या वेळी दुसरं काही हाताशी नव्हतं, एवढं शांतपणे सांगा.

दूधपेढीचा प्रश्नही येतो. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली मातृदुग्धपेढी आशियातली पहिली. पण पेढीचं दूध वेळेआधी जन्मलेल्या आणि आजारी बाळांसाठी राखलेलं असतं. घरच्या निरोगी बाळाला ते सहसा मिळत नाही. आणि सोसायटीच्या ग्रुपवरून ओळखीपाळखीच्या बाईचं, तपासणी न झालेलं दूध आणून पाजू नका.

डब्याच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने आणखी कडकपणे, बाळाच्या दुधाची जाहिरात, फुकट नमुने आणि सवलती यांना बंदी आहे. कुणी दवाखान्यात फुकट डबा हातात ठेवला तर तो घेऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पहिल्या टप्प्याचा, म्हणजे ‘१’ लिहिलेला डबा लागतो. निरोगी बाळाला कुठल्याही नामांकित कंपनीचा साधा डबा चालतो, महागड्याने बाळ जास्त हुशार होत नाही. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं असेल तर डबा डॉक्टरच ठरवतील.

खर्चाचा अंदाज आधीच घ्या. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक चमचा पावडर असं माप असतं. पूर्ण वरच्या दुधावर असलेल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम तीन-चार दिवस जातो. हे आधी कळलं नाही की महिनाअखेरीला हात आखडतो आणि एका चमच्यात जास्त पाणी घातलं जातं. असं पातळ दूध फार धोक्याचं. बाळाचं पोट भरलेलं दिसतं, पण वजन वाढत नाही आणि रक्तातलं मीठ कमी होऊन झटकेही येऊ शकतात. घट्ट करणंही तितकंच वाईट. पैसे पुरणार नसतील तर अंगावरचं थोडंतरी चालू ठेवा, तेवढा डबा कमी लागतो.

प्रमाणाचा हिशोब सोपा आहे. फक्त वरचं दूध असेल तर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली. साडेतीन किलोचं बाळ, म्हणजे दिवसाला सव्वापाचशे मिली, आठ वेळांत वाटलं तर एका वेळी ६५ च्या आसपास. हा फक्त अंदाज आहे. बाळाने तोंड फिरवलं की थांबायचं, उरलेलं संपवायला लावायचं नाही. दोन्ही दूध चालू असेल तर आधी दोन्ही बाजूंनी अंगावर पाजा आणि मग वरचं द्या. किती द्यायचं ते डॉक्टर वजन बघून सांगतील.

बनवायचं कसं

इथे मी जरा आग्रहाने लिहिते. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, आणि चुकीच्या पाण्याने होणारे जुलाब लहान बाळाला झेपत नाहीत. घोडबंदर रोडवरच्या कितीतरी सोसायट्यांत पाणी टँकरने येतं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं शुद्ध केलेलं पाणी मिळतं, पण नळापर्यंत येताना मध्ये इमारतीची टाकी असतेच. म्हणून पाणी कुठलंही असो, आरओचं किंवा बाटलीबंद असलं तरी, खळखळून उकळायचं.

हात साबणाने धुवा. उकळलेलं पाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त निवू देऊ नका. पावडर घालताना ते निदान ७० अंश गरम हवं, पावडरमधले जंतू त्यानेच मरतात. आधी मोजून पाणी ओता, मग डब्यातल्याच चमच्याने, सुरीने सपाट केलेली पावडर घाला. दाबून भरलेला किंवा शिगोशीग चमचा नको. हलवा, बाटली नळाच्या धारेखाली धरून थंड करा, मनगटावर थेंब टाकून बघा. बनवलेलं दूध दोन तासांच्या आत पाजा, आणि बाळाने प्यायला सुरुवात केल्यानंतर उरलेलं ओतून टाका. जीवावर येतं, पण टाकाच. रात्रीसाठी चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर जवळ ठेवा. तयार दूध उशाशी ठेवू नका.

पावसाळ्यात पावडरीच्या गुठळ्या होतात. ओला चमचा घालू नका, झाकण घट्ट लावा, डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि उघडल्यानंतरची मुदत डब्यावर वाचा. बहुतेकांची महिन्याभराची असते.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं घरातलं बोंडलं बरं. ते धुवायला सोपं जातं आणि बाळ छातीवरून बाटलीकडे वळत नाही. रात्री तीन वाजता बाटलीच जमणार असेल तर बाटली घ्या, मात्र हळू धारेचं निपल लावा. वापरल्याबरोबर ब्रशने घासा, सगळे भाग सुटे करून पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळा. बाळाला मांडीवर अर्धवट उभं धरून पाजा. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं सोडू नका, ठसका लागतो.

वरच्या दुधावर शी थोडी घट्ट, कधी हिरवट आणि कमी वेळा होते, ते ठीक आहे. लेंडीसारखी कडक झाली तर आधी चमच्याचं माप तपासा. शीमध्ये रक्त दिसलं किंवा अंगावर गांधी उठल्या तर डॉक्टरांकडे जा. आणि मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आत पाणी नाही, घुटी नाही, मध तर एक वर्षापर्यंत मुळीच नाही. मधातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

अंगावरचं थांबवायचं असेल तर

एकदम थांबवू नका. तीन-चार दिवसांना एक वेळ कमी करा, आधी दुपारची, शेवटी रात्रीची. छाती दाटली तर बरं वाटेल एवढंच दूध काढा, थंड पट्टी ठेवा. घट्ट पट्टा बांधण्याची जुनी पद्धत नको. दूध आटवायची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, रक्तदाबाचा त्रास असेल तर ती धोक्याची ठरते. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अंगावरचं कमी झालं की पाळी परत यायच्या आधीच गर्भ राहू शकतो. तेव्हा गर्भनिरोधकाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या.

घर आणि नोकरी

घरच्यांना फक्त निर्णय सांगितला तर वाद होतो, काम दिलं तर मदत होते. “आई, डॉक्टरांनी वजन बघून पूरक दूध सांगितलंय. बाटल्या तेवढ्या तुम्ही उकळून द्याल का? तुमच्याइतकं स्वच्छ मला जमत नाही आत्ता.” या वाक्याने आमच्या घरातलं वातावरण बदललं. रात्रीची एक वेळ नवऱ्याकडे द्या. वरच्या दुधाचा हा खरा फायदा आहे, तो वापरा. चार तास सलग झोप मिळाली की आई वेगळीच होते.

ऐरोली-महापेला नोकरी असेल तर लक्षात ठेवा, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी, आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर, हे तुमचे हक्क आहेत. रजा संपली म्हणून अंगावरचं पूर्ण तोडायची गरज नाही. सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर अंगावर, मधल्या वेळी वरचं, असं महिनोनमहिने चालतं.

पहिल्या दोन आठवड्यांत उगीच रडू येतं, ते बहुतेकींना येतं. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटत असेल, तर हे डॉक्टरांना तसंच सांगा. यावर उपचार आहेत, आणि त्यातले बरेचसे पाजत असतानाही चालतात. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि तोवर घरच्यांनी आईला एकटं सोडू नये.

सहा महिने पूर्ण झाले की मऊ भात, वरण, कुस्करलेली भाजी आणि फळं सुरू करा. दूध अंगावरचं असो की वरचं, ते त्याबरोबर चालूच ठेवायचं. गाईचं दूध प्यायला द्यायचं ते पहिला वाढदिवस झाल्यावर.